घनवादाचे शालेय अध्यापन आणि मिश्र माध्यम : मालवण किनाऱ्याच्या संदर्भात एक विवेचन

१. प्रश्नाचे स्वरूप

माध्यमिक शाळेतील चित्रकलेच्या तासाला घनवाद येतो तो बहुधा एका सोप्या कृतीच्या रूपाने. एखादी फुलदाणी, मासा किंवा मुखवटा रेखाटावयाचा. त्यावरून पट्टीने आडव्यातिडव्या रेषा ओढावयाच्या. आणि त्यांच्या छेदांतून झालेले त्रिकोण-चौकोन निरनिराळ्या रंगांनी भरावयाचे. कृती सुबक होते, विद्यार्थ्यास आनंद वाटतो आणि भिंतीवर लावण्याजोगे काहीतरी हाती येते. परंतु तीत घनवादाचा अंशही नसतो. मासा आरंभी एकाच बाजूने पाहिलेला असतो, आणि रेषा ओढून झाल्यावरही तो त्याच बाजूने पाहिलेला राहतो. पृष्ठभागावर अलंकरण चढते. पाहण्याच्या रीतीस धक्का लागत नाही.

प्रस्तुत लेखात असे प्रतिपादन करावयाचे आहे की, घनवाद हा आकार मोडण्याची एक शैली म्हणून न शिकविता, एखादी वस्तू आपणांस कशी कळते ह्या प्रश्नाचा अभ्यास म्हणून शिकविला पाहिजे. आणि चौदा-पंधरा वर्षांच्या विद्यार्थ्यास ह्या प्रश्नापर्यंत नेण्याचा सर्वांत जवळचा मार्ग मिश्र माध्यमाचा आहे. विवेचनासाठी सिंधुदुर्ग जिल्ह्यातील, विशेषतः मालवण किनाऱ्यावरील, माध्यमिक शाळा डोळ्यांपुढे ठेविली आहे. ह्या निवडीस दोन कारणे आहेत. येथील विद्यार्थ्यास मुंबईची कलादालने सहजी पाहावयास मिळत नाहीत. तेव्हा जे शिकवावयाचे ते त्याच्या परिसरातील वस्तूंवरून शिकविता येते किंवा नाही, ह्याची कसोटी येथे लागते. दुसरे असे की, ह्या विषयाची पूर्वतयारी होऊ शकेल अशी काही साधने ह्या भूमीत व येथील शालेय अभ्यासात आधीच आहेत. त्यांकडे ह्या दृष्टीने पाहिले जात नाही इतकेच.

२. विद्यार्थ्याची अवस्था

बालचित्रांचा अभ्यासक जॉर्ज-आंरी ल्युके ह्याने १९२७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मुलांच्या चित्रणाच्या दोन अवस्था वेगळ्या केल्या. एका अवस्थेत मूल वस्तूविषयी जे जाणते ते काढते. पुढच्या अवस्थेत डोळ्यांस जे दिसते ते काढण्याचा प्रयत्न करते. तांब्याचे उदाहरण घेऊ. लहान मूल तांब्याचे तोंड पूर्ण वर्तुळाकार काढते, कारण तोंड गोल आहे हे त्यास ठाऊक असते. आणि तळ सरळ रेषेने काढते, कारण तांब्या जमिनीवर स्थिर बसतो. पुढे शिक्षक सांगतात की, तोंड लंबवर्तुळाकार दिसते आणि तळही किंचित वक्र दिसतो. वस्तुचित्रणाचे सारे शिक्षण ह्या दुरुस्तीपासून सुरू होते.

ही दुरुस्ती आवश्यकच आहे. तथापि तिची एक किंमत मोजावी लागते. व्हिक्टर लोवेनफेल्ड ह्याने १९४७ च्या आपल्या ग्रंथात दाखविल्याप्रमाणे, साधारण बाराव्या वर्षानंतर मूल आपल्या चित्राकडे टीकाकाराच्या दृष्टीने पाहू लागते. चित्र वस्तूशी जुळत नाही, हे त्यास कळते; पण ते जुळविण्याचे कौशल्य हाती आलेले नसते. ‘मला चित्र येत नाही’ हे वाक्य ह्याच वयात प्रथम ऐकू येते, आणि अनेकांच्या बाबतीत ते जन्मभर टिकते. त्यात आणखी एक अडचण आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी कलाशिक्षणाचा अंशकालीन निदेशक सांगितला, पण तो शंभरांहून अधिक पटाच्या शाळेस. कोकणात लहान पटाच्या शाळा पुष्कळ आहेत. म्हणजे येथील अनेक मुलांची जाणत्या कलाशिक्षकाशी पहिली गाठ माध्यमिक शाळेत, म्हणजे नेमकी आत्मविश्वास ढळण्याच्या वयातच पडते. त्या वेळी चित्रकलेचा अर्थ हुबेहूब साम्य एवढाच त्यांच्या मनावर ठसला, तर बहुसंख्य मुले ह्या विषयातून कायमची बाहेर पडतात. घनवादाच्या अध्यापनाचे महत्त्व येथे आहे. साम्याव्यतिरिक्तही चित्रात काही खरे सांगता येते, हे त्या वयात कळणे ही चैन नव्हे.

३. घनवादाने नेमके काय केले

पॉल सेझान ह्याने १९०४ साली एमिल बेर्नार ह्यास लिहिलेल्या पत्रात निसर्गाचा विचार नळकांडे, गोल आणि शंकू ह्यांच्या साहाय्याने करावा असे सुचविले होते. ह्या यादीत घन नाही, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. ‘घन’ हा शब्द टीकाकाराने आणला. जॉर्ज ब्राक ह्याने १९०८ च्या उन्हाळ्यात मार्सेयजवळील लेस्ताक ह्या मासेमारीच्या गावी चढावरची घरे रंगविली. त्या चित्रांत घरांना दारे-खिडक्या जवळजवळ नाहीत. छपरे आणि भिंती एकमेकींवर रचल्यासारख्या आहेत. त्याच वर्षी नोव्हेंबरात ही चित्रे पॅरिस येथे कानवायलर ह्याच्या दालनात मांडली गेली, तेव्हा लुई व्होसेल ह्या टीकाकाराने हा चित्रकार सर्व काही घनांत बसवितो असा शेरा मारला, आणि त्यातून पंथाचे नाव रूढ झाले. पाब्लो पिकासो ह्याचे ‘आव्हीन्योंच्या तरुणी’ हे चित्र १९०७ चे. त्यामागे सेझानप्रमाणेच आयबेरियन व आफ्रिकन शिल्पांचाही प्रभाव होता.

प्रबोधनकाळापासून युरोपीय चित्रकलेने यथादर्शनाचा जो नियम पाळला, त्यात पाहणारा एका जागी उभा आहे आणि काळ थांबलेला आहे असे गृहीत धरलेले असते. प्रत्यक्ष व्यवहारात आपण वस्तू अशी पाहत नाही. आपण तिच्याभोवती फिरतो, ती हातात घेतो, काल पाहिलेली तिची मागची बाजू आज पुढची बाजू पाहताना आठवतो. वस्तूची आपली जाणीव ही अशा अनेक दर्शनांची बेरीज असते. १९०९ ते १९१२ ह्या काळात पिकासो आणि ब्राक ह्यांनी ही बेरीज एकाच चित्रपृष्ठावर मांडण्याचा प्रयत्न केला. त्यास विश्लेषणात्मक घनवाद असे म्हणतात. आकाराची बाह्यरेषा जागोजाग उघडी ठेवून एक पृष्ठ दुसऱ्यात मिसळू देणे, आणि रंग तपकिरी व करडा एवढ्यांपुरते आवरणे, ही त्याची ठळक लक्षणे होत. रंग आवरला तो प्रश्न आकाराचा होता म्हणून.

१९१२ मध्ये ह्या प्रयत्नास निराळे वळण लागले. त्याचा विचार मिश्र माध्यमाच्या संदर्भात पुढे येईल. १९१४ साली महायुद्ध सुरू होऊन ब्राक सैन्यात गेला आणि दोघांचे सहकार्य संपले.

४. भारतीय चित्रकारांनी काय घेतले

भारतात घनवाद आला तो एकाच अर्थाने आला नाही. गगनेंद्रनाथ टागोर ह्यांनी १९२० नंतरच्या वर्षांत त्याचा अवलंब केला, आणि १९२२ साली ‘रूपम्’ ह्या नियतकालिकात स्टेला क्रामरिश ह्यांनी त्यांच्यावर लेख लिहिला. गगनेंद्रनाथांच्या चित्रांतील कोनदार पृष्ठे ही वस्तूच्या अनेक बाजू दाखविण्यासाठी फारशी येत नाहीत. अंधाऱ्या दालनांत प्रकाशाचे झोत फोडण्यासाठी येतात. मुंबईचे जहांगीर सबावाला ह्यांनी पॅरिसमध्ये आंद्रे लोत ह्याच्या अकादमीत शिक्षण घेतले. लोत ह्याचा घनवाद संयत होता; भूमितीच्या आधारे चित्राची रचना बांधणे हा त्याचा आग्रह. सबावाला ह्यांच्या निसर्गचित्रांतील रेखीव पृष्ठांत ती शिस्त दिसते.

एकाने प्रकाश घेतला, दुसऱ्याने रचना घेतली. दोघांनीही आपल्या गरजेप्रमाणे निवड केली, आणि ती योग्यच होती. शाळेनेही अशीच निवड केली पाहिजे. शाळेची गरज पाहण्याचे शिक्षण देण्याची आहे. म्हणून तिने घनवादातून अनेक दर्शनांच्या बेरजेचे तत्त्व घ्यावे. बाकीचे पुढील अभ्यासासाठी सोडून द्यावे.

५. दोन पूर्वतयाऱ्या

ह्या तत्त्वाची पहिली पूर्वतयारी शासकीय रेखाकला परीक्षांच्या अभ्यासात आहे. कला संचालनालयातर्फे घेतल्या जाणाऱ्या इंटरमिजिएट परीक्षेत घनभूमितीचा भाग असतो. त्यात विद्यार्थी एखाद्या घनाकृतीचा प्लॅन आणि एलेव्हेशन, म्हणजे वरून दिसणारा व समोरून दिसणारा आकार, एकाच कागदावर काढतो. मध्ये एक आडवी रेषा असते, तिच्यावर एलेव्हेशन आणि तिच्याखाली प्लॅन. म्हणजे एक वस्तू, दोन दृष्टिस्थाने, एक कागद. ती मधली रेषा पुसली आणि दोन्ही आकार एकमेकांत सरकू दिले, तर काय होईल? हा प्रश्न विचारताच विद्यार्थी घनवादाच्या उंबरठ्यावर येतो. ज्या भागाकडे निव्वळ गुण मिळविण्याचे साधन म्हणून पाहिले जाते, त्याचा असा उपयोग करता येतो.

दुसरी पूर्वतयारी ह्या जिल्ह्याच्या लोककलेत आहे. कुडाळजवळील पिंगुळी येथील ठाकर समाजाने चित्रकथीची परंपरा जतन केली आहे. कथेच्या प्रसंगांची चित्रे हाती धरून गायन-निरूपण करावयाचे, अशी ही कला. त्याच समाजात चामड्याच्या छायाबाहुल्या आणि कळसूत्री बाहुल्या ह्यांचाही खेळ आहे. ह्या परंपरेचे कलावंत परशुराम गंगावणे ह्यांस २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. चित्रकथीतील आकृतीचा चेहरा बाजूने पाहिलेला असतो, पण त्यातील मोठा डोळा समोरून पाहिल्यासारखा असतो. विद्यार्थ्यास हे चित्र पाहताना काही चुकले आहे असे वाटत नाही. रावण रावणच वाटतो.

येथे शिक्षकाने सावध राहावे. चित्रकथी म्हणजे आपला जुना घनवाद, असे सांगण्याचा मोह होईल, तो टाळावा. चित्रकथीकार परंपरेचा संकेत पाळतो, कारण कथा सांगताना पात्र दुरूनही ओळखू आले पाहिजे. घनवादी चित्रकाराने प्रचलित संकेत मोडला, कारण तो त्यास अपुरा वाटला. कृती सारखी दिसली तरी हेतू भिन्न आहेत. हा भेद वर्गात स्पष्ट केला, तर दोन्ही कलांना न्याय मिळेल. चित्रकथीपासून विद्यार्थ्याने घ्यावयाचे ते एवढेच की, एका दृष्टिस्थानाचा नियम हा चित्रकलेचा एकमेव नियम कधीच नव्हता.

६. मिश्र माध्यम कशासाठी

१९१२ च्या वसंतात पिकासो ह्याने एका लंबवर्तुळाकार स्थिरचित्रात वेताच्या विणीचा छाप असलेला मेणकापडाचा तुकडा चिकटविला आणि चित्राच्या कडेने खरा दोर बसविला. त्याच वर्षी सप्टेंबरात ब्राक ह्याने लाकडाच्या रेषांचा छाप असलेला भिंतीचा कागद कापून आपल्या रेखाचित्रावर चिकटविला. ब्राकचे वडील व आजोबा घरे रंगविण्याचा धंदा करीत, आणि त्यानेही तरुणपणी त्याच धंद्याचे शिक्षण घेतले होते. रंगावर फणी फिरवून लाकडाचा आभास करणे, साच्याने अक्षरे उठविणे, ह्या कारागिराच्या युक्त्या त्याने चित्रात आणल्या. साच्याची अक्षरे तर १९११ पासूनच त्याच्या चित्रांत दिसतात. रंगात वाळू मिसळण्याचा प्रयोगही त्याने केला. हुआन ग्रिस ह्याने १९१२ च्या एका चित्रात खऱ्या आरशाचा तुकडा बसविला. ह्या टप्प्यास संश्लेषणात्मक घनवाद म्हणतात.

शाळेच्या दृष्टीने ह्या टप्प्याचे मोल मोठे आहे. विश्लेषणात्मक चित्र काढावयाचे तर रेखाटनावर प्रभुत्व हवे. ज्यास वस्तू एका बाजूनेच नीट काढता येत नाही, त्यास चार बाजूंनी काढावयास सांगणे व्यर्थ होय. कात्री आणि कागद ह्यांच्या बाबतीत ही अडचण नाही. चिकटविण्यापूर्वी तुकडा सरकविता येतो, फिरविता येतो, काढून टाकता येतो. चूक कायम होत नाही. ज्या विद्यार्थ्याने आपणांस चित्र येत नाही असे ठरवून टाकले आहे, त्याचा हात येथे मोकळा होतो.

त्याहून महत्त्वाचे असे की, चिकटविलेला तुकडा विद्यार्थ्यास खुणेचा विचार करावयास लावतो. असा तुकडा चित्रात तीन नात्यांनी येऊ शकतो. तो स्वतःच स्वतःचा प्रतिनिधी असतो, जसा पिकासोच्या चित्राच्या कडेचा दोर. तो दुसऱ्या वस्तूच्या जागी उभा राहतो, जसा वर्तमानपत्राचा कापलेला तुकडा बाटलीच्या जागी. किंवा तो आधीच कशाची तरी नक्कल असतो, जसा लाकडाचा छाप असलेला कागद. ही तीन नाती समजली म्हणजे साम्याचा प्रश्न आपोआप सैल होतो; दोर दोरासारखा दिसतो किंवा नाही, हे विचारण्याचे कारणच उरत नाही. सावंतवाडीच्या चितार आळीतील लाकडी आंबा आणि केळे ह्यांची तुलना येथे उपयोगी पडेल. तेथे लाकूड आपले लाकूडपण लपवून फळ होते, आणि त्यातच त्या कारागिराचे कौशल्य आहे. ब्राकच्या चित्रातील कागद मात्र आपले कागदपण न लपविता लाकडाचे काम करतो.

७. पाठांचा क्रम

नववीच्या वर्गासाठी पुढील क्रम सुचवावासा वाटतो. प्रत्येक पाठास दोन जोडतासिका असाव्यात.

पहिल्या पाठात वस्तूची निवड आणि निरीक्षण. वस्तू अशी हवी की, एका बाजूने पाहून ती पुरती कळू नये. त्या दृष्टीने घरोघरी असणारी नारळ खोवण्याची विळी फार योग्य आहे. तिचा लाकडी पाट वरून पाहिल्यास कळतो. पात्याचा बाक बाजूने पाहिल्यास कळतो. टोकाची दातेरी चकती समोरून पाहिल्यास कळते. समोरून पाहता पाते केवळ एक रेघ होते, आणि बाजूने पाहता चकतीची जवळजवळ रेघ होते. पात्यास धार असल्याने ते जाड कापडाने बांधून, उंच मेजावर, मुलांनी हात न लावता पाहावयाचे. विद्यार्थ्याने तीन वेगळ्या कागदांवर तीन दर्शने काढावीत. रेखाटन साधे असले तरी चालेल.

दुसऱ्या पाठात पारदर्शक बटर पेपरवर ही तिन्ही दर्शने उतरवून एकावर एक ठेवावयाची. मग प्रत्येक दर्शनातील, फक्त त्याच दर्शनातून कळतो असा, भाग निवडून एकाच कागदावर आणावयाचा. ही निवड हेच ह्या पाठाचे मर्म होय. सर्व काही घेतले तर गोंधळ होईल, आणि काय सोडावे ह्याचा विचार प्रत्येकास स्वतःच करावा लागेल.

तिसरा पाठ स्थळाचा. सिंधुदुर्ग किल्ला हे त्यासाठी जणू तयार उदाहरण आहे. १६६४ ते १६६७ ह्या काळात शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर बांधलेल्या ह्या किल्ल्याचे महाद्वार बुरुजांच्या आड असे दडविलेले आहे की, होडी अगदी जवळ येईपर्यंत ते ध्यानात येत नाही. होडीतून दिसणारा तट, दारातून दिसणारा वळसा, आणि तटावर चढल्यावर दिसणारी त्याची नागमोडी रेषा, ही तीन दर्शने मिळून किल्ला कळतो. त्याच तटावरून खाली पाहिल्यास उलांडीच्या होडीच्या आडव्या काठ्या आणि त्यांस बांधलेले लाकूड ह्यांची मांडणी स्पष्ट दिसते, जी किनाऱ्यावर उभे राहून दिसत नाही. सहल शक्य नसल्यास हाच पाठ धक्क्यावर, किंवा शाळेच्याच जिन्यावरून करता येईल.

चौथ्या पाठात कोळसा आणि दोनच मातकट रंग घेऊन, बाह्यरेषा उघडी ठेवण्याचा सराव. वस्तूचे पृष्ठ कोठे संपते आणि पार्श्वभूमी कोठे सुरू होते, हे तीन ठिकाणी तरी ठरू देऊ नये, असा नियम घालावा.

पाचवा आणि सहावा पाठ मिश्र माध्यमाचा. येथेही एक नियम असावा : चित्रात किमान तीन तुकडे असावेत, आणि वर सांगितलेल्या तीन नात्यांपैकी प्रत्येकाचा एक असावा. दोरीच्या जागी खरे सुंभ. सरंग्याच्या अंगाच्या जागी वर्तमानपत्र. आणि जेवणाच्या मेजावर घालतात त्या छापील मेणकापडाचा किंवा लाकडी छापाच्या कागदाचा तुकडा. देवनागरी मजकुराचा तुकडा घेतल्यास एक विशेष लाभ होतो. रोमन लिपीत अक्षरे सुटी उभी राहतात. आपल्या अक्षरांस शिरोरेषेने जोडलेले असते. त्यामुळे मोठ्या ठशाच्या मथळ्याचा तुकडा चित्रात एक भक्कम आडवी रेघ आणतो आणि रचनेस आधार देतो. होडीवर रंगविलेले नाव आणि नोंदणी क्रमांक ह्यांचे साचेही कापून वापरता येतील. परीक्षेतील अक्षरलेखनाचा सराव त्यात आपोआप होतो.

सातव्या पाठात चित्रे भिंतीवर लावून संभाषण. प्रत्येकाने आपल्या चित्रातील एक भाग दाखवून तो कोठून पाहिलेला आहे आणि तो का ठेविला, एवढे सांगावयाचे.

८. सामग्रीविषयी

किनाऱ्यावर साहित्य विपुल आहे : काथ्या, सुंभ, माडाचे हीर, करवंटीचे तुकडे, पोफळीची विरी, जुन्या जाळ्याचे तुकडे, आंब्याच्या पेटीवरील छापील चिठ्ठ्या. परंतु ते जसेच्या तसे चालत नाही. किनाऱ्यावरच्या वाळूत मीठ असते, आणि मीठ दमट हवेतील पाणी ओढून घेते; अशी वाळू रंगात मिसळल्यास पावसाळ्यात चित्रास ओल सुटते. म्हणून ती गोड्या पाण्याने अनेकदा धुऊन उन्हात कडक वाळवावी. जाळ्याचे तुकडेही तसेच धुवावेत. गव्हाच्या पिठाची खळ स्वस्त पडते, पण ह्या हवेत तीस बुरशी येते. ती टाळण्यासाठी खळीत मोरचूद घालण्याची जुनी रीत आहे. मोरचूद विषारी असल्याने शाळेत तो वापरू नये. पांढरा कृत्रिम डिंकच बरा. कागदाऐवजी जाड पुठ्ठा घ्यावा आणि त्याच्या पाठीवरही एक कागद चिकटवावा, म्हणजे वाळताना पुठ्ठा वाकत नाही.

आणखी एक गोष्ट. मालवणचा सागरी भाग १९८७ पासून अभयारण्य आहे, आणि प्रवाळांस वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे. प्रवाळ अथवा जिवंत शंख-शिंपले चित्रासाठी गोळा करू नयेत, हे विद्यार्थ्यांस आरंभीच सांगावे. स्वयंपाकघरातून येणाऱ्या तिसऱ्यांच्या शिंपल्या त्या कामास पुरेशा आहेत.

९. मूल्यमापन आणि आक्षेप

ह्या चित्रांस गुण कसे द्यावयाचे, हा व्यवहाराचा प्रश्न आहे. तीन कसोट्या पुरेशा वाटतात. पहिली : चित्रात एकाहून अधिक दृष्टिस्थाने खरोखरच आहेत काय? दुसरी : निवडलेला प्रत्येक भाग वस्तूविषयी असे काही सांगतो काय, जे इतर भाग सांगत नाहीत? तिसरी : चिकटविलेल्या तुकड्यांची जागा आणि आकार ह्यांमुळे चित्र एकसंध होते काय? पट्टीने फोडलेला मासा पहिल्याच कसोटीस उतरत नाही, आणि त्याचे कारण विद्यार्थ्यास समजावून सांगता येते. साम्य हा निकष नसला तरी शिस्त हा निकष राहतो; वाटेल ते म्हणजे घनवाद, असा समज त्यामुळे होत नाही.

एक आक्षेप असा येईल की, ज्यांस अजून वस्तुचित्र साधत नाही, त्यांस हे शिकविल्याने ते मुळातच बिघडतील. शिवाय रेखाकला परीक्षेत स्थिरचित्र हुबेहूबच काढावे लागते. ह्या आक्षेपात तथ्य आहे, आणि म्हणूनच वरील क्रम वेगळ्या दर्शनांच्या रेखाटनापासून सुरू होतो. किंबहुना विळी तीन बाजूंनी काढणारा विद्यार्थी एका बाजूने काढणाऱ्यापेक्षा तिच्याकडे अधिक वेळ पाहतो. लहान मुलाने अजाणता काढलेले तांब्याचे गोल तोंड आणि ह्या विद्यार्थ्याने जाणूनबुजून काढलेले गोल तोंड कागदावर सारखी दिसतील. परंतु दुसऱ्यास लंबवर्तुळही काढता येत असते, आणि ते का काढले नाही हे सांगताही येत असते. हा फरक सातव्या पाठातील संभाषणात उघड होतो, म्हणून तो पाठ वगळू नये.

दुसरा आक्षेप परकेपणाचा. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी पॅरिसमध्ये झालेली एक चळवळ मालवणच्या मुलाने कशासाठी शिकावी? ह्यास उत्तर असे की, ती चळवळ जसच्या तशी शिकविण्याचा येथे हेतूच नाही. तीत उपस्थित झालेला प्रश्न त्या चित्रकारांच्या मालकीचा नव्हता. रापण ओढणारा मनुष्य किनाऱ्यावरून जाळ्याची दोन टोकेच पाहतो, पण पाण्याखालचा त्याचा सगळा घेर त्यास ठाऊक असतो, आणि त्या ज्ञानावर त्याचे पोट चालते. दिसणे आणि जाणणे ह्यांतील हे अंतर ह्या किनाऱ्यावरील मुलास पुस्तकातून शिकावे लागत नाही. ते चित्रात कसे मांडावे, एवढेच शाळेने शिकवावयाचे आहे.

येथे सुचविलेला क्रम हा आराखडा आहे. वर्गातील प्रत्यक्ष अध्यापनाने तो तपासला जावा, आणि त्यासाठी कलाशिक्षणाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी ह्या जिल्ह्यातील शाळा अभ्यासक्षेत्र म्हणून निवडाव्यात असे सुचवावेसे वाटते. विशेषतः, चित्र येत नाही असे म्हणणाऱ्या विद्यार्थ्यांची ह्या पाठांपूर्वीची आणि नंतरची चित्रे, व त्यांविषयीचे त्यांचे बोलणे, ह्यांची पद्धतशीर नोंद ठेविली जावी. आराखड्याची उपयुक्तता अखेर ह्याच विद्यार्थ्यांच्या प्रगतीवरून ठरेल.